अपग्रेड केलेला जुना पीसी का तापतो आणि तो थंड कसा करावा

जुलैमध्ये खरिपाचा पीक विमा भरण्याचे दिवस आले की बीड जिल्ह्यातल्या सेवा केंद्रांवर रांगा लागतात. सातबारा, आधार, पासबुक, पीकपेऱ्याचे घोषणापत्र अशी कागदपत्रे एकामागून एक स्कॅन होत राहतात आणि तिथला डेस्कटॉप सकाळी सुरू झाला की रात्रीच बंद होतो. लग्नसराईत फोटो स्टुडिओतल्या व्हिडिओ मिक्सिंगच्या पीसीचेही असेच हाल होतात, आणि नेमके तेव्हा एप्रिल-मे चालू असल्याने पारा चाळिशीच्या पुढे असतो.

गेवराई असो, केज असो की आष्टी, या कामाला लावलेले बरेच पीसी मुळात जुने असतात. कोणी पुण्या-मुंबईच्या कंपन्यांनी काढून टाकलेले सेकंडहँड मशीन आणलेले असते, कोणी मुलाच्या कॉलेजच्या वेळचा पीसी दुकानात ठेवलेला असतो. मग त्यात रॅम वाढते, एसएसडी बसते, आय३ च्या जागी आय७ येतो, ग्राफिक्स कार्ड येते. हिवाळाभर सगळे झकास चालते. मार्च उजाडला की फॅन घोंघावू लागतो, मशीन हँग होते आणि ऐन कामात बंद पडते. अशा वेळी हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘मशीन म्हातारे झाले, आता नवीनच घ्या.’ माझे मत स्पष्ट आहे. तापणे हे बहुतेक वेळा मशीनच्या वयाचे लक्षण नसते. आपण आत उष्णता वाढवली, पण ती बाहेर जाण्याची वाट तीच जुनी ठेवली, एवढाच त्याचा अर्थ असतो. ही वाट कुठे अडली आहे ते शोधता येते आणि दुरुस्तही करता येते.

अपग्रेडमुळे उष्णता किती वाढते

एक उदाहरण घेऊ. २०११ साली आलेल्या कोअर आय३-२१२० या प्रोसेसरची उष्णतेची मर्यादा ६५ वॅट आहे. त्याच एलजीए ११५५ सॉकेटमध्ये बसणारा कोअर आय७-२६०० स्वस्तात सेकंडहँड मिळतो म्हणून तो बसवला, तर हा आकडा ९५ वॅट होतो. सोबत जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड लावले तर त्याचे आणखी ७५ वॅट. पूर्वी ६५ वॅट उष्णता बाहेर टाकणाऱ्या कॅबिनेटला आता १७० वॅट बाहेर टाकायची आहे. पण कॅबिनेट तेच, मागचा छोटा फॅन तोच, आणि बऱ्याचदा प्रोसेसरवरचा हीटसिंकही आय३ बरोबर आलेलाच.

एसएसडी आणि रॅमने उष्णतेत फारशी भर पडत नाही. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली तर ती थोडी कमीच होते. म्हणून मशीन तापायला लागले की पहिला प्रश्न हा विचारायचा: प्रोसेसर बदलला का, ग्राफिक्स कार्ड लावले का?

उष्णतेचा प्रवासही समजून घ्यायला हवा. ती प्रोसेसरच्या चिपमधून वरच्या धातूच्या झाकणात येते, तिथून थर्मल पेस्टमधून हीटसिंकमध्ये आणि त्याच्या पात्यांमध्ये जाते. फॅन ती पात्यांवरून हवेत सोडतो, कॅबिनेटचा फॅन ती हवा खोलीत ढकलतो आणि शेवटी ती खोलीतून बाहेर पडते. यातला एक टप्पा जरी अडला तरी मागचे सगळे टप्पे तापतात. दुरुस्ती म्हणजे हा अडलेला टप्पा शोधणे.

आधी मोजा, मग हात लावा

स्क्रू ड्रायव्हर उचलण्याआधी तापमान मोजा. एचडब्ल्यूइन्फो हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. प्रोसेसरचे तापमान, त्याचा वेग आणि फॅनचे फेरे या तीन गोष्टी पाहा. सोबत खोलीचे तापमानही लिहून ठेवा. भिंतीवरचा साधा थर्मामीटर पुरेसा आहे.

खोलीचे तापमान इतके महत्त्वाचे का? कारण फॅन आणि हीटसिंक प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करूच शकत नाहीत. प्रोसेसर खोलीपेक्षा किती अंश वर राहील, एवढेच त्यांच्या हातात असते. पूर्ण कामाच्या वेळी तुमचा प्रोसेसर खोलीपेक्षा ५५ अंश वर जातो असे समजा. डिसेंबरात खोली २५ अंशांवर असेल तर प्रोसेसर ८० वर राहील आणि कुणाला काही जाणवणार नाही. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ४२ अंश झाले की तोच प्रोसेसर ९७ वर पोहोचेल. म्हणजे बिघाड डिसेंबरातही होताच, तो दिसला मात्र मे महिन्यात.

इंटेलच्या या पिढ्यांतले प्रोसेसर साधारण शंभर अंशांच्या आसपास पोहोचले की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतात. आय७-२६०० चा मूळ वेग ३.४ गिगाहर्ट्झ आहे. काम जोरात चालू असताना तो १.६ पर्यंत घसरलेला दिसला आणि तापमान मर्यादेला टेकलेले असले, तर मशीन हँग का होते याचे उत्तर तिथेच मिळते. वेग उतरवूनही तापमान वाढत राहिले तर प्रोसेसर मशीनच बंद करतो.

ढोबळमानाने पूर्ण कामाच्या वेळी ८० अंशांपर्यंत निश्चिंत राहा. ८५ च्या वर गेले तर कारण शोधा आणि ९५ च्या वर गेले तर काम थांबवा.

तापण्याची तऱ्हा पाहा

आता दहा-पंधरा मिनिटे मशीनला पूर्ण काम द्या. व्हिडिओ एक्स्पोर्टला लावा किंवा ओसीसीटीसारखी चाचणी चालवा आणि आकड्यांकडे पाहत राहा. तापमान किती वाढले यापेक्षा ते कसे वाढले, ही जास्त उपयोगाची खूण आहे.

काम सुरू होताच काही सेकंदांत तापमान ४५ वरून ९५ वर उडी मारत असेल, तर उष्णता हीटसिंकपर्यंत पोहोचतच नाही. पेस्ट वाळली आहे किंवा हीटसिंक नीट टेकलेला नाही.

तापमान हळूहळू चढत पंधरा मिनिटांनंतरही थांबत नसेल, तर हीटसिंकपर्यंतचे काम ठीक आहे. पात्यांत धूळ आहे किंवा कॅबिनेटमधली गरम हवा बाहेर जात नाही.

काही काम नसतानाही मशीन तापत असेल, तर टास्क मॅनेजर उघडा. एखादा प्रोग्रॅम प्रोसेसरचा मोठा हिस्सा गुपचूप खात असेल तर दोष हार्डवेअरचा नाही. तो व्हायरस असू शकतो किंवा अडकून बसलेला अपडेट. तिथे काहीच नसेल तर फॅनचे फेरे पाहा.

आणि तापमान ७० च्या आत असताना मशीन अचानक रिस्टार्ट होत असेल, विशेषतः ग्राफिक्स कार्डावर ताण आल्यावर, तर संशयाची सुई एसएमपीएसकडे, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याकडे, वळवा.

शेवटची एक चाचणी. कॅबिनेटची बाजूची पट्टी काढून हीच मोजणी पुन्हा करा. तापमान आठ-दहा अंशांनी उतरले तर दोष कॅबिनेटच्या हवेचा. जवळपास तेवढेच राहिले तर दोष प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामध्ये किंवा पात्यांतल्या धुळीत आहे.

पट्टी कायमची उघडी ठेवणे हा मात्र उपाय नव्हे. धूळ दुप्पट बसते, पाली आणि उंदीर आत शिरतात, वायरी कुरतडल्या जातात आणि घरात लहान मूल असेल तर धोका वेगळाच.

धूळ आणि कापसाचे तंतू

बीड, गेवराई, माजलगाव हा कापसाचा पट्टा. वेचणीपासून जिनिंग संपेपर्यंत हवेत बारीक तंतू असतात आणि त्यात काळ्या मातीची धूळ मिसळते. हीटसिंकच्या पात्यांवर, फॅनच्या बरोबर खाली, या दोन्हींचा नमद्यासारखा घट्ट थर बसतो. वरून पाहिले तर फॅन फिरताना दिसतो, त्यामुळे सगळे ठीक वाटते. फॅन सोडवून बाजूला केल्यावरच खालचा थर दिसतो. म्हणून नुसते वरवर फुंकून साफसफाई झाली असे मानू नका.

पीसी बंद करा, वायर काढा आणि पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे मदरबोर्डवर उरलेला प्रभार उतरेल. कॅबिनेट अंगणात न्या. आधी मऊ, कोरड्या रंगाच्या ब्रशने थर सुटा करा आणि मग हँड ब्लोअरने धूळ उडवा. हवा मारताना फॅनची पाती बोटाने धरून ठेवा. हवेच्या झोताने फॅन भन्नाट फिरला तर त्याचे बेअरिंग खराब होते.

पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरने पीसी साफ करण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते. ती टाळा. त्या हवेतून पाण्याचे आणि तेलाचे कण येतात, आणि झोत इतका जोराचा असतो की बारीक भाग निखळू शकतात. घरातला व्हॅक्युम क्लीनरही थेट मदरबोर्डवर फिरवू नका. त्याच्या नळीवर स्थिर वीज साचते.

साफसफाईनंतर पुन्हा मोजा. अनेक मशीनचे दुखणे इथेच संपते.

पेस्ट आणि हीटसिंक

प्रोसेसरचे झाकण आणि हीटसिंकचा तळ डोळ्यांना गुळगुळीत दिसतात, पण त्यांवर सूक्ष्म खाचखळगे असतात. दोन्ही एकमेकांवर ठेवले की त्या खाचांत हवा अडकते. हवा उष्णता फार कमी वाहून नेते. तांबे तिच्यापेक्षा सुमारे पंधरा हजार पटींनी अधिक वाहते. पेस्टचे काम या खाचांतली हवा हटवून तिची जागा घेणे, एवढेच. पेस्ट हवेपेक्षा शंभरपटीहून चांगली असली तरी तांब्यापेक्षा खूप मागे आहे. त्यामुळे थर पातळच हवा. ‘जास्त लावली की जास्त थंड’ हा समज चुकीचा आहे. काही वर्षांत पेस्ट वाळून तिला तडे जातात आणि हवा पुन्हा आत शिरते.

हीटसिंक काढण्याआधी पीसी पाच मिनिटे चालवा, म्हणजे पेस्ट थोडी मऊ होईल. मग बंद करून वायर काढा. हीटसिंक सरळ वर ओढू नका, हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. एएमडीच्या जुन्या सॉकेटमध्ये तर घाईने ओढल्यास प्रोसेसरच हीटसिंकला चिकटून बाहेर येतो आणि त्याच्या पिना वाकतात.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या सुती कापडाने दोन्ही बाजूंनी पूर्ण पुसा. ते वाळले की झाकणाच्या मधोमध तुरीच्या दाण्याएवढी पेस्ट ठेवा आणि हीटसिंक सरळ खाली टेकवा. दाबाने ती आपोआप पसरते.

सर्वाधिक चुका यापुढच्या पायरीत होतात. इंटेलच्या मूळ हीटसिंकला चार प्लॅस्टिकच्या खुंट्या असतात. त्या समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या जोड्यांनी, ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबायच्या. खुंटीवरच्या बाणाच्या दिशेने वळवली की ती सुटते, त्यामुळे बसवण्याआधी चारही खुंट्या बाणाच्या उलट दिशेला आहेत ना ते तपासा. नंतर हीटसिंक हाताने हलवून पाहा. एक जरी खुंटी अर्धवट राहिली तर तो तिरका टेकतो आणि तापमान काही सेकंदांत उसळते.

हीटसिंक प्रोसेसरला साजेसा आहे का हेही पाहा. तो उलटा करून तळ बघा. मधे तांब्याची चकती असलेला इंटेलचा जुना हीटसिंक जास्त वॅटच्या प्रोसेसरसाठी असे. पूर्ण अॅल्युमिनियमचा, बुटका हीटसिंक ६५ वॅटच्या वर्गातला. आय३ काढून आय७ बसवला आणि हीटसिंक हा बुटका ठेवला, तर कितीही महाग पेस्ट लावली तरी उन्हाळा निभणार नाही. इथे चार हीट पाइप आणि १२० मिलिमीटर फॅनचा टॉवर हीटसिंक घेणे हाच खरा उपाय.

घेण्याआधी दोन मापे बघा. पहिले, तो तुमच्या सॉकेटला बसतो का. एलजीए ७७५ च्या भोकांमधले अंतर ७२ मिलिमीटर, तर ११५५, ११५० आणि ११५१ मध्ये ते ७५ मिलिमीटर असते. दुसरे, त्याची उंची कॅबिनेटमध्ये मावते का. ऑफिसातून आलेल्या सडपातळ कॅबिनेटमध्ये टॉवर बसत नाही. शिवाय डेल, एचपीच्या काही ऑफिस मशीनमध्ये फॅनचा कनेक्टर कंपनीचा स्वतःचा असतो. दुसरा फॅन लावला तर सुरू होताना फॅनचा एरर येतो. अशा मशीनसाठी त्याच मॉडेलचा जास्त क्षमतेचा हीटसिंक सेकंडहँड शोधणे सोपे पडते.

कॅबिनेटमधली हवा

हवा पुढून खालून आत यावी आणि मागून वरून बाहेर जावी, हा साधा नियम. गरम हवा वर जाते, म्हणून बाहेर टाकणारा फॅन वर हवा. फॅनच्या चौकटीवर बाण नसेल तर एवढे लक्षात ठेवा: मोटार धरून ठेवणारे दांडे ज्या बाजूला, त्या बाजूने हवा बाहेर पडते.

मागे एक १२० मिलिमीटरचा फॅन आणि पुढे एक, एवढ्यात बहुतेक घरगुती मशीन भागते. मदरबोर्डवर फॅनची जागा शिल्लक नसेल तर एसएमपीएसच्या वायरीतून वीज घेता येते. वायरींचा गुंता बांधून एका बाजूला करा. पुढच्या फॅनला बारीक जाळी लावली तर कापसाचे तंतू बाहेरच अडतात. जाळी दर आठवड्याला धुवा. जाड कापड लावू नका, त्याने हवाच अडते. बायोसमध्ये फॅन ‘सायलेंट’वर असेल तर उन्हाळ्यापुरता वेग वाढवा.

ग्राफिक्स कार्डाकडे इथेच लक्ष द्यायला हवे. साध्या फॅनची कार्डे आपली बरीचशी उष्णता कॅबिनेटमध्येच सोडतात, म्हणून कार्ड लावल्यावर प्रोसेसरही जास्त तापतो. कार्डाच्या खालचा स्लॉट मोकळा ठेवा. कार्ड जुने असेल तर त्याचीही पेस्ट बदलावी लागते. ते उघडायचा सराव नसेल तर जाणत्या माणसाकडून करून घ्या.

एसएमपीएस आणि वीज

कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवर ‘४५० वॅट’ छापलेले असले तरी तो तेवढी वीज सलग देईलच असे नाही. पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट कार्डाला ७५ वॅटपर्यंत देतो. त्याहून मोठ्या कार्डाला वेगळा कनेक्टर लागतो, आणि असे कार्ड लावायचे तर एसएमपीएस चांगल्या कंपनीचाच घ्या.

विजेचा दाबही पाहायला हवा. एसएमपीएसला लागणारी वीज ठरलेली असते, त्यामुळे दाब उतरला की तो जास्त करंट ओढतो. २३० व्होल्टचा दाब १८० वर आला तर करंट साधारण २८ टक्क्यांनी वाढतो आणि एसएमपीएस जास्त तापतो. शेतीपंप चालू झाले की दाब उतरणाऱ्या गावांत चांगला स्टॅबिलायझर किंवा यूपीएस लागतोच. एसएमपीएस स्वतः उघडू नका. वायर काढल्यानंतरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब शिल्लक राहतो. मदरबोर्डवर फुगलेले कपॅसिटर दिसले तर तो बोर्ड कारागिराला दाखवा.

खोलीचा विचार

माळवदाची खोली उन्हाळ्यात थंड राहते, पण वरून माती गळते. पत्र्याची खोली तापते. दोन्हीकडे कॅबिनेट जमिनीपासून वीतभर उंच आणि भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा. दुपारच्या उन्हाने तापणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीला लावू नका. कॉम्प्युटर टेबलाच्या बंद कप्प्यात तीच गरम हवा पुन्हापुन्हा फिरते, म्हणून कप्प्याची मागची फळी काढा. मशीन चालू असताना प्लॅस्टिकचे कव्हर पूर्ण काढलेले असावे.

पाण्याच्या कुलरने खोली थंड झाली तर पीसीलाही फायदा होतो, पण कुलरचा झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका. बोअरच्या जड पाण्याचे तुषार आत गेले की क्षार बसतात आणि संपर्क गंजतात. खिडकी उघडी ठेवा, म्हणजे दमट हवा साचणार नाही.

तातडीचा उपाय

काम अडले आहे आणि दुरुस्तीला वेळ नाही, अशा दिवशी एक सोय आहे. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के करा. त्याने इंटेल प्रोसेसरचा टर्बो बंद होतो. आय७-२६०० ची ३.८ गिगाहर्ट्झपर्यंतची उडी थांबते, वेग थोडा कमी होतो, पण तापमान बरेच उतरते. फॉर्म भरणे, स्कॅनिंग, टायपिंग यांत फरक जाणवत नाही. व्हिडिओचे काम मात्र काहीसे लांबते.

वर्षाचे वेळापत्रक

एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदलानंतर मोजा. तारीख, खोलीचे तापमान, प्रोसेसरचे तापमान आणि काय केले, एवढे कॅबिनेटवर चिकटवलेल्या कागदावर लिहा. पुढच्या वर्षी कारागिरालाही त्याचा उपयोग होईल.

कापसाचा हंगाम उतरल्यावर, उन्हाळा तापण्याआधी, म्हणजे फेब्रुवारीच्या शेवटी पूर्ण साफसफाई करा. पीक विम्याच्या गर्दीआधी जूनमध्ये एकदा ब्लोअर मारा. पेस्ट दर दोन-तीन वर्षांनी बदला. आणि प्रोसेसर किंवा ग्राफिक्स कार्ड घेताना हीटसिंक व फॅनचे पैसेही त्याच खर्चात धरा. ते पैसे नसतील तर अपग्रेड पुढे ढकला.